विस्तव सर्वांचा, राख कुणाची?

सार्वजनिक जागेवर विस्तव पेटविण्याचा आनंद सर्वांचा असतो. विझलेला कोळसा उचलण्याचे काम मात्र आपल्या समाजाने ठराविक जातींच्या माथी मारलेले आहे. नांदेडला गोदावरीच्या वाळवंटात नि घाटांवर, लातूरला चौकांत नि मोकळ्या मैदानांवर थंडीत शेकोट्या पेटतात, फाल्गुनात होळ्या पेटतात. धुळवडीच्या सकाळी गाव रंगात न्हात असताना फावडे आणि घमेले घेऊन कोण येते, एवढे पाहिले की या प्रश्नाचे वर्गीय आणि जातीय स्वरूप वेगळे सांगावे लागत नाही.

या प्रश्नावर दोन पक्ष हिरिरीने बोलतात. पहिला सुशोभनवाद्यांचा. गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने २००८ मध्ये नांदेडच्या घाटांना नवे रूप आले. या मंडळींना तेथे धूर नको, राख नको; आणि खरे सांगावयाचे तर शेकोटीभोवती बसणारा फाटका माणूसही नको. दुसरा पक्ष परंपरेच्या कैवाऱ्यांचा. होळीविषयी अक्षर काढले की धर्म बुडाला, अशी त्यांची ओरड असते. दोघांचे भांडण विस्तवाविषयी आहे. राखेविषयी दोघेही मौन पाळतात, कारण ती दोघांनाही उचलावी लागत नाही.

परंपरेच्या कैवाऱ्यांनी आधी परंपरा नीट पाहावी. खेड्यात होळीला गोवऱ्या आणि लाकडे लागत. दुसऱ्या दिवशी त्याच विस्तवावर पाणी तापवून पोराबाळांना न्हाऊ घालीत. राख कपाळी लावीत. उरलेली भांडी घासावयास आणि धान्य टिकविण्यास कामी येई. म्हणजे जाळण्याइतकेच आवरणेही सणाचा भाग होते. आज शहरातील होळीत टायर, प्लॅस्टिक, रंग दिलेल्या फळ्या पडतात. ती राख ना कपाळाला लावता येते, ना भांड्याला. टायरमधील तारांची भेंडोळी आणि वितळलेले डांबर मागे उरते. याला परंपरा म्हणणे हा परंपरेचाच अपमान आहे.

आता सुशोभनवाद्यांचा लाडका उपाय, म्हणजे बंदी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि साध्या प्रकरणी ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावरील जाळपोळीस २५,००० रुपये भरपाई ठरविली. हेतू रास्त आहे. परंतु हाच बडगा उद्या थंडीत पालापाचोळा पेटवून रात्र काढणाऱ्या पहारेकऱ्यावर आणि हमालावर उगारला गेला, तर त्याने ५,००० रुपये आणावयाचे कोठून? टंचाईचे उत्तर मनाईहुकमात शोधण्याची सवय आपल्या प्रशासनास जुनीच आहे. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू झाली होती. तहान हुकमाने भागली नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. थंडीही हुकमाने पळणार नाही.

अर्थशास्त्रास हा प्रश्न नवा नाही. एकाच्या उद्योगाचा भार दुसऱ्यावर कसा पडतो, हे पिगू यांनी १९२० मध्ये मांडले. खाजगी उद्योग आपला खर्च समाजावर लोटून नफा दाखवितो, हे कॅप यांनी १९५० मध्ये सविस्तर दाखविले. होळीचा हिशेबही तसाच आहे. मंडळाच्या जमाखर्चात लाकूड येते, ध्वनिक्षेपक येतो. सफाई कामगाराच्या फुफ्फुसात गेलेली राख येत नाही. हा न फेडलेला खर्च कंत्राटी कामगार आपल्या शरीराने फेडतो.

त्यात अज्ञानाची भर पडते. वाळवंटातील शेकोटीवर वाळू लोटली की ती विझली, असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक वाळूखाली उष्णता कोंडून राहते आणि निखारा कित्येक तास धगधगतो. वरून मात्र काही दिसत नाही. पहाटे अनवाणी येणाऱ्या भोयाचा किंवा सफाई कामगाराचा पाय त्यावर पडतो. विस्तव पसरून, पाणी शिंपून, ढवळून पुन्हा पाणी शिंपणे हाच खरा उपाय. लातूरसारख्या टंचाईच्या गावी त्यासाठी सांडपाणी चालेल. आणि होळी लहान असेल तर तेही थोडे पुरेल.

कोळसा कुजतही नाही. घोड नदीकाठच्या इनामगावी तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचा काळ ठरविण्यास तेथील कोळसाच कामी आला. तेव्हा नदीत लोटलेला कोळसा आपोआप नाहीसा होईल, या भ्रमात कोणी राहू नये. राख म्हणजे खतच, असे म्हणून ती शेतात सरसकट टाकणेही बरे नाही. मराठवाड्याची काळी जमीन मुळातच विम्लधर्मी आहे आणि राख तो गुण वाढविते. लाकडाचा स्वच्छ कोळसा मात्र चाळून वेगळा काढला, तर इस्त्रीवाल्यांना आणि लोहारांना तो जळण म्हणून सहज उपयोगी पडेल.

तेव्हा कार्यकर्त्यांनी दोन्ही महानगरपालिकांपुढे स्पष्ट मागण्या ठेवाव्यात. प्रत्येक प्रभागात होळीची जागा ठरवावी आणि तेथे पक्का ओटा बांधावा. मोठ्या मंडळांकडून अनामत घ्यावी, आणि विस्तव विझवून जागा साफ केल्यावरच ती परत करावी. फुटपाथवरच्या शेकोटीस दंड न करता रात्रनिवारे आणि पांघरुणे पुरवावीत. धुळवडीस राबणाऱ्या कामगारास दुप्पट वेतन, बूट, हातमोजे आणि मुखपट्टी मिळालीच पाहिजे. कंत्राटी असो वा कायम, यात भेद नको.

मागण्यांबरोबर कृतीही हवी. १९७० च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ उभी केली, तेव्हा निवेदने देऊन ते थांबले नाहीत. पाणवठ्यावर माणसे एकत्र आणली. येत्या धुळवडीस नांदेड-लातूरच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीतील राख स्वतःच्या हाताने भरावी, आणि ज्यांनी होळी पेटविली त्यांच्याही हाती घमेले द्यावे. होळी पेटविण्याच्या मानासाठी गावोगाव भांडणे होतात. राख उचलण्यातही तोच मान आहे, हे ज्या दिवशी गाव मानील, त्या दिवशी समतेच्या वाटेवरचे एक पाऊल खऱ्या अर्थाने पुढे पडेल.