काटा कोणाच्या हाती?

खाणीतून निघणाऱ्या ट्रकांचे वजन अचूक मोजावे, यास आज कोणीही उघड विरोध करीत नाही. खाणमालक नव्या यंत्रांचे गोडवे गातात, अधिकारी संगणकीय वजनकाट्यांची उद्घाटने करतात, आणि हा प्रश्न निव्वळ तांत्रिक असल्याचा निर्वाळा दिला जातो. हा निर्वाळा साफ खोटा आहे. माल अचूक मोजण्याची विद्या केव्हाच सिद्ध झाली आहे. ते माप कोण पाहतो आणि कोणाच्या हितासाठी वापरतो, हा खरा प्रश्न आहे.

मोठ्या खुल्या खाणींतील डंपरच पहा. सस्पेन्शनमधील दाबावरून भार सांगणारी यंत्रणा त्यावर बसविता येते. चढउतार व खड्डे यांमुळे आकडा चुकतो, म्हणून डंपर सपाट जागी उभा असतानाचे माप अधिक ग्राह्य धरतात. या उद्योगातील रूढ दंडक असा: सरासरी भार ठरलेल्या मर्यादेइतका असावा, दहांतून एकाहून अधिक खेपा त्या मर्यादेच्या ११० टक्क्यांवर जाऊ नयेत, १२० टक्क्यांवर तर एकही जाऊ नये. एवढी शिस्त कशासाठी? टायर फाटू नये, सांगाडा तडकू नये, ब्रेक निकामी होऊ नये यासाठी. यंत्र मालकाचे असले म्हणजे माप असे कसोशीने घेतले जाते!

तोच माल भाड्याच्या ट्रकात पडून सार्वजनिक रस्त्यावर आला की ही कसोशी कोठे जाते? कर्नाटकचे लोकायुक्त न्या. संतोष हेगडे यांच्या २०११ च्या अहवालाने बळ्ळारीतील लोहखनिजाची लूट चव्हाट्यावर आणली. मर्यादेबाहेर भरलेले ट्रक हे त्या लुटीचे नित्याचे साधन होते. २०१० मध्ये तर बेलेकेरी बंदरात जप्त केलेले लक्षावधी टन खनिज सरकारी पहाऱ्यातून नाहीसे झाले. तेथे उणीव यंत्राची होती काय?

हिशेब सोपा आहे. परवाना १६ टनांचा आणि ट्रकात माल २० टन, असे धरू. मग चार खेपांमागे १६ टन, म्हणजे कागदावरचा एक संपूर्ण ट्रक, रॉयल्टी न भरता निघून जातो. २०१५ च्या कायदादुरुस्तीपासून खाणग्रस्तांसाठीच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा वाटाही रॉयल्टीच्या प्रमाणातच ठरतो. म्हणजे चोरलेल्या प्रत्येक टनामागे धूळ खाणाऱ्या गावाच्या दवाखान्याचा पैसाही चोरला जातो. शिवाय एक्सलवरील भार एक पंचमांशाने वाढला की रस्त्याची झीज जवळजवळ दुप्पट होते. नफा मालकाचा, खड्डे जनतेचे!

यावर ठरलेले उत्तर येते: दोष चालकाच्या लोभाचा आहे, दंड वाढवा. २०१९ मध्ये दंड वाढलाच: २० हजार रुपये, आणि जादा प्रत्येक टनामागे आणखी २ हजार. परंतु माल चालक भरतो काय? भरणारा लोडर खाणीचा वा कंत्राटदाराचा, फाटकावरचा काटा खाणीचा. खेपेवर पोट असलेल्या चालकाने जादा माल नाकारला तर दुसऱ्या दिवशी त्याची खेप दुसऱ्याला मिळते. चालविण्याइतकेच चालवावयास लावणेही कायद्याने गुन्हा आहे; तरी पावती फाडली जाते ती रस्त्यावर सापडलेल्याची, आणि उतारावर ब्रेक निकामी झाले तर मरतोही तोच.

कामगारवर्गाला हा लढा नवा नाही. झरिया-राणीगंजच्या खाणीत टब मोजून मजुरी मिळे, तेव्हा टब किती भरला हाच रोजचा झगडा असे. इंग्लंडच्या कोळसा कामगारांनी १८६० च्या कायद्यात स्वतःचा वजन-तपासनीस नेमण्याचा हक्क मिळविला आणि १८८७ च्या कायद्याने तो बळकट करून घेतला. त्यांनी मालकाकडे अधिक चांगला काटा मागितला नाही. काट्यापाशी आपला माणूस उभा करण्याचा हक्क मागितला.

आपली मागणीही तीच असली पाहिजे. प्रत्येक खाणीच्या वजनकाट्यावर कामगारांचा निवडलेला तपासनीस हवा. वजनाची चिठ्ठी चालकाच्या हाती पडलीच पाहिजे, आणि जादा माल नाकारणाऱ्याच्या रोजगाराला कायद्याचे संरक्षण हवे. रोजचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत. जादा भाराचा दंड प्रथम माल भरून देणाऱ्याकडून वसूल झाला पाहिजे. संघटनेच्या बळाविना यांतले काहीही पदरात पडणार नाही. काटा मालकाच्या एकट्याच्या हाती राहील, तोवर अचूक यंत्रही मालकाचीच साक्ष देईल.