माळरानाचा नकाशा उड्डाणाआधीच ठरतो

आपल्यापैकी अनेकांचा हात गावठाणाच्या मोजणीवर बसला. २०२० मध्ये स्वामित्व योजना आली आणि ड्रोन गावोगाव पोहोचला. गावठाणात सॉफ्टवेअरला हवे ते सगळे मिळते : पत्र्याचा कोपरा, पाण्याची टाकी, ओट्याची कड. तोच ड्रोन आणि तोच फ्लाइट प्लॅन घेऊन माणूस सोलापूरकडच्या किंवा इंदापूरच्या माळावर जातो, आणि संध्याकाळी संगणकावर निम्मे फोटो जुळतच नाहीत. मग दोष जातो सॉफ्टवेअरवर, नाहीतर ग्राफिक्स कार्डावर.

आमच्या मते चूक बहुतेक वेळा उड्डाणात असते. डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये मांडलेली सिफ्ट पद्धत आणि तिच्या वळणाच्या इतर पद्धती आसपासापेक्षा वेगळा उठून दिसणारा ठिपका शोधतात आणि तोच ठिपका दुसऱ्या फोटोत ओळखतात. कुसळीच्या गवतात ठिपके हजारोंनी सापडतात, पण सगळे एकाच तोंडवळ्याचे. त्यात वारा. पहिल्या फोटोतले पाते दुसरा फोटो निघेपर्यंत जागेवरून हललेले असते.

जुळणी होत नाही म्हटल्यावर अनेक जण आणखी खाली उडतात. करायचे नेमके उलटे. एक इंची सेन्सरचा, ८.८ मिलिमीटर लेन्सचा, २० मेगापिक्सेल कॅमेरा ४० मीटरवरून ६० बाय ४० मीटरचा तुकडा टिपतो. १०० मीटरवरून १५० बाय १०० मीटरचा. पिक्सेल एक सेंटिमीटरच्या जरा वर असतो तो पावणेतीनवर जातो, हे खरे. पण त्या मोठ्या चौकटीत एखादी पायवाट, बोराटीचे झुडूप, मुरमाचा उघडा पट्टा येतो आणि पात्यांची हालचाल बरीचशी पिक्सेलमध्ये जिरून जाते. ग्रीन झोनमध्ये १२० मीटरपर्यंत मुभा आहे, ती वापरा. ओव्हरलॅप पुढचा ८५ टक्के आणि बाजूचा ७५ च्या आसपास ठेवा. बॅटऱ्या जास्त लागतील, तेव्हा दर सांगतानाच त्या धरा.

वेळेबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. सावल्या टाळण्यासाठी भर दुपारी उडवा, हा सल्ला आपल्याकडे डोळे झाकून पाळला जातो. तो सूर्य कधीच डोक्यावर न येणाऱ्या देशांत ठीक आहे. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य थेट माथ्यावर येतो. अशा वेळी ड्रोनची सावली फोटोतच पडते आणि तिच्याभोवती प्रत्येक पात्याची सावली त्या पात्याखाली लपते. तिथे एक उजळ डाग उमटतो. डागातला कॉन्ट्रास्ट गेलेला असतो आणि डाग ड्रोनबरोबर सरकत राहतो, म्हणजे प्रत्येक फोटोत जमिनीचा वेगळा तुकडा धुऊन निघतो. सूर्य क्षितिजापासून साधारण ६० अंशांवर चढला की हा त्रास सुरू होतो; लेन्स रुंद असेल तर त्याही आधी. म्हणून मेमध्ये काम दहाच्या आत आटोपा. वाराही तेव्हा कमी असतो. डिसेंबरात सूर्य दुपारीही ५० अंशांच्या आसपासच थांबतो, तेव्हा ही अडचण येत नाही.

हंगाम निवडता आला तर पावसाळ्यानंतरचे दाट हिरवे गवत टाळा. गुरे चरून गेल्यावर ढोरवाटा, वारुळे, काळे दगड उघडे पडतात. खुणांसाठी जुन्या फ्लेक्सचे तुकडे पांढरी बाजू वर करून, कडांवर दगड ठेवून पसरा. आकार मात्र वेगवेगळे कापा. एकसारख्या फुल्या सॉफ्टवेअरला पुन्हा चकवतात. काम झाल्यावर ते सगळे गोळा करून आणा, माळ कुणाच्या तरी गुरांचा आहे. आरटीके असेल तर प्रत्येक फोटोची जागा पक्की होते आणि कमकुवत जोडही तगते. तरी जुळलेले बिंदूच विरळ असतील तर उंचीच्या मॉडेलवर विसंबू नका.

खरी चीड येते ती भोके बुजवण्याची. जुळणी झाली नाही तिथे सॉफ्टवेअर आजूबाजूचे पाहून अंदाजाने पृष्ठभाग भरते, त्यावर रंग सारखे केले की नकाशा गुळगुळीत दिसतो आणि बिल निघते. माळरानांवर आधीच अन्याय आहे. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात गवताळ प्रदेशांचा मोठा भाग गणला जातो, आणि पडीक ठरलेल्या जमिनीवर झाडे लावायला किंवा प्रकल्प आणायला फार विचार केला जात नाही. ज्या तुकड्यात लांडग्याची गुहा असेल किंवा धाविकाचे घरटे असेल, तोच तुकडा आपण अंदाजाने रंगवून देत असू, तर पुढच्या निर्णयात आपलाही हात आहे.

भोक असेल तर नकाशावर भोकच दाखवा, आणि पुन्हा उड्डाण करण्याचा खर्च करारातच लिहून घ्या. पुढच्या अंकापासून माळरानाचा कोणताही ऑर्थोमोझॅक आम्ही छापू तो त्याच्या गुणवत्ता अहवालासह : किती फोटो जुळले, कुठे जुळले नाहीत, उड्डाण कोणत्या वेळी झाले. वाचकांनी नकाशे पाठवताना हा अहवाल सोबत जोडावा.