रस्त्यावरची तडजोड आणि तिची किंमत

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला रस्त्याचे नाव जागतिक विक्रमांच्या यादीत दाखल झाले. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३, म्हणजेच वऱ्हाडातील जुन्या माणसांचा ‘सहा नंबर’. या रस्त्याच्या एका मार्गिकेवर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंडपणे घालण्यात आला. त्याआधीचा विक्रम कतारमधील दोहा येथील होता, तो अवघ्या पंचवीस किलोमीटरांचा. ७२० माणसे वऱ्हाडातल्या जूनच्या उन्हात, तापल्या डांबरापाशी अहोरात्र राबली. त्यांच्या श्रमाचे मोल कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. हा रस्ता वर्षानुवर्षे रखडला होता, आणि त्यावरून बडनेरा ते अकोला प्रवास करताना ज्यांच्या मणक्यांची परीक्षा झाली, ते तर या विक्रमाचे मनापासून स्वागतच करतील.

परंतु रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढतो, आणि वाढलेल्या वेगाच्या कडेने तोच जुना वऱ्हाड चालत असतो. कापसाने शिगोशीग भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, मागे दिवा नसलेली बैलगाडी, शेतातून गावाकडे रस्ता ओलांडणाऱ्या बाया, सायकलवरचा मजूर. महामार्गाचा आराखडा करणाऱ्यांच्या हिशेबात ही माणसे नसतात. ती हिशेबात येतात ती अपघात झाल्यावरच, आणि तेव्हाही बहुधा चुकीच्या हिशेबात.

समजा, नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी कुरणखेडजवळ कापसाच्या वेचणीहून परतणाऱ्या बत्तीस वर्षांच्या एका मजूर बाईला मोटारीची धडक बसली. जीव वाचला, पण उजवे मनगट मोडले. मोटारीचा पुढचा भाग चेपला, दिवा फुटला. पाच मिनिटांत माणसे जमतात. त्यांतले दोघे-चौघे ड्रायव्हरची कॉलर धरतात, आणि मग गावातला एखादा वजनदार गृहस्थ पुढे होऊन म्हणतो, “पोलिसांत गेलात तर दोघांचेही हाल, इथेच मिटवा.” दहा-पंधरा हजार रुपयांवर सौदा ठरतो. कागदाचा एक तुकडा मिळाला तर त्यावर बाईच्या नवऱ्याचा अंगठा घेतला जातो. गाडी अकोल्याच्या गॅरेजकडे जाते, बाई सर्वोपचार रुग्णालयाकडे जाते, आणि विम्याच्या अर्जात अपघाताचे कारण लिहिले जाते: गुरे आडवी आली.

याला माणुसकीची तडजोड म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः हा एक व्यवहार आहे, आणि त्यात एका पक्षाला वस्तूची किंमत ठाऊक नसते.

ती किंमत काढणे फारसे अवघड नाही. या बाईची वर्षाची कमाई नव्वद हजार रुपये धरली, आणि हाड जुळूनही बोटे ताठ राहिल्यामुळे तिची कमावण्याची शक्ती तीस टक्क्यांनी घटली असे मानले, तर वार्षिक नुकसान सत्तावीस हजारांचे होते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा प्रकरणात वयोमानानुसार गुणकांचा जो तक्ता ठरवून दिला, त्याप्रमाणे ३१ ते ३५ वयाला गुणक सोळा आहे. म्हणजे चार लाख बत्तीस हजार रुपये. उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, सोसलेल्या वेदना आणि भविष्यात वाढू शकणारी कमाई ही यात अजून धरलेलीच नाहीत. दाखल्यावर डॉक्टर कदाचित दहा-बारा टक्के अपंगत्व लिहील. परंतु शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या शक्तीची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे. कचेरीतल्या कारकुनाचे मनगट थोडे ताठ राहिले तर त्याचा पगार कमी होत नाही. कापूस वेचणारीला मजुरी किलोवर मिळते. तिची बोटे हेच तिचे भांडवल. शिवाय ती घरी जो स्वयंपाक करते, पाणी भरते, मुले सांभाळते, त्यालाही आर्थिक मूल्य आहे, हे २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने कीर्ती प्रकरणात पुन्हा बजावले.

हे पैसे मोटारीच्या मालकाने खिशातून द्यायचे नाहीत, ही गोष्ट तर रस्त्यावर जमलेल्या कोणाच्याच ध्यानात नसते. त्रयस्थाला झालेल्या इजेसाठीचा विमा या देशात १९४६ पासून सक्तीचा आहे. त्या विम्याचा हप्ता सरकारी दराने, इंजिनाच्या आकारावर ठरतो. एखाद्या जखमीला भरपाई मिळाली म्हणून मालकाचा हप्ता वाढत नाही. ‘नो क्लेम बोनस’ जाईल ही भीतीही येथे लागू नाही, कारण ती सवलत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर मिळते. उलट, कंपनीच्या लेखी संमतीवाचून कोणतीही जबाबदारी कबूल करू नये अशी अट पॉलिसीत असते. तिचा भंग मात्र या रस्त्यावरच्या सौद्याने होतो. ज्याचा हप्ता आपण दरवर्षी भरतो तो विमा न वापरता मालक वर पंधरा हजार रुपये मोजतो, आणि जिच्यासाठी तो विमा आहे ती चार-पाच लाखांना मुकते. या व्यवहारात खराखुरा फायदा फक्त विमा कंपनीचा होतो, आणि ती तर तेथे हजरही नसते.

मग शहाणासुरता मालक असे का करतो? त्याला मूर्ख म्हणून भागणार नाही. त्याचे खरे भय गाडी अडकण्याचे आहे. गुन्हा नोंदला की गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात जाते. परिवहन खात्याच्या निरीक्षकाने ती तपासायची, मग न्यायालयात अर्ज करायचा, मग सुपूर्तनाम्यावर ती सुटायची. कोणत्याही तालुक्याच्या ठाण्याबाहेर गंजत पडलेली, टायर बसलेली, आत गवत उगवलेली वाहने पाहिली म्हणजे हे भय अनाठायी नाही हे पटते. वाहने ठाण्यांत दीर्घकाळ ठेवू नयेत, पंचनामा व छायाचित्रे घेऊन हमीपत्रावर ती त्वरित परत करावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे. ज्याची गाडी हाच धंदा आहे, त्या काळी-पिवळीवाल्याला प्रत्येक दिवसाचा खाडा म्हणजे बुडालेला रोज, आणि हा रोज कोणताही साधा विमा भरून देत नाही.

गाडी सुटल्यावर दुरुस्तीचे दुसरे प्रकरण उभे राहते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असला तरी रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापला जातो, आणि आजकालच्या मोटारीचा दर्शनी भाग बहुतांशी प्लॅस्टिकचाच असतो. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात होते; पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ती चाळीस टक्के आहे. त्यावर सक्तीची वजावट आहे. अधिक हप्ता भरून घसारा टाळणारी पॉलिसी घेता येते, पण जुनी गाडी वापरणाऱ्या शिक्षकाला किंवा छोट्या दुकानदाराला ती क्वचितच परवडते किंवा मिळते. सर्व्हेअर येऊन पाहीपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. आणि रोख न भरता काम हवे तर ते कंपनीच्या यादीतल्या वर्कशॉपमध्येच. तेथे पत्रा ठोकून सरळ करण्यापेक्षा अख्खा दरवाजा बदलण्याकडे कल असतो, कारण नफा सुट्या भागांत असतो, मिस्त्रीच्या हातात नव्हे.

मोहल्ल्यातल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या मिस्त्रीची स्थिती यावरून समजून घेतली पाहिजे. अमरावती-अकोल्यात अशी कितीतरी गॅरेजे आहेत, जेथे वडिलांच्या हाताखाली मुलगा आणि मुलाच्या हाताखाली पुतण्या शिकला. गाडीतला बिघाड सांगणारे संगणकीय यंत्र आणि अस्सल सुटे भाग त्यांना खुल्या बाजारात मिळू नयेत अशी व्यवस्था मोटार कंपन्यांनी केली होती. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी याच कारणासाठी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजात काम करून घेतले एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द करता येणार नाही, असेही आयोगाने बजावले. कंपन्या अपिलात गेल्या, आणि मिस्त्री जेथे होता तेथेच राहिला. मक्तेदारीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते. ती दिव्याच्या काचेपर्यंत आणि बंपरच्या क्लिपेपर्यंत पोहोचली आहे याकडे मात्र डाव्या कार्यकर्त्यांचेही लक्ष नाही.

सर्वसाधारण विम्याच्या १०७ कंपन्यांचे विलीनीकरण होऊन १ जानेवारी १९७३ पासून चार सरकारी कंपन्या कारभार पाहू लागल्या, तेव्हा दावेदाराला न्याय लवकर मिळेल ही अपेक्षा होती. ती फारशी फळाला आली नाही, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे; सरकारी कंपन्यांच्या वकिलांनीही विधवांना वर्षानुवर्षे तारखा दाखवल्या. २००० पासून खासगी कंपन्या आल्या. दाव्याचा अर्ज आता मोबाइलवर भरता येतो, परंतु तो गाडीचा. माणसाचा दावा अजून न्यायाधिकरणाच्या पायरीवरच उभा आहे.

सगळ्यांत बिकट जागा ड्रायव्हरची. तो मालकही नाही आणि जखमीही नाही. जमावाचा मार तो खातो, गुन्हा त्याच्यावर लागतो, आणि दुरुस्तीचा जो भाग विम्यात बसला नाही तो पुष्कळदा त्याच्या पगारातून कापला जातो. जानेवारी २०२४ मध्ये नव्या भारतीय न्याय संहितेतील, अपघात करून पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद सांगणाऱ्या तरतुदीविरुद्ध देशभर ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि सरकारला ते कलम थांबवून ठेवावे लागले. थांबलो तर जमाव मारतो आणि पळालो तर कायदा, हे त्यांचे गाऱ्हाणे केवळ कांगावा नव्हता. जखमीच्या बाजूने उभे राहणाऱ्या कार्यकर्त्याने ड्रायव्हरला मारहाणीतून सोडवून ठाण्यापर्यंत सुरक्षित नेणे, हेही त्याच कामाचा भाग मानले पाहिजे. जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्या नागरिकावर कोणतीही जबाबदारी येत नाही, असे २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातच लिहिले गेले आहे. मे २०२५ पासून अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या विनामूल्य उपचाराची योजनाही लागू झाली आहे.

गावोगावच्या कार्यकर्त्यांना करता येण्याजोग्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. गाडीचा क्रमांक टिपून ठेवणे; पहिल्याच दिवशी रुग्णालयाच्या कागदावर ‘मोटार अपघात’ असे शब्द पडतील हे पाहणे; फिर्याद देणे. रस्त्यावर अंगठा दिला गेला असला तरी उशिराने फिर्याद देता येते, आणि केवळ त्या उशिरामुळे दावा बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले आहे. बैल जखमी झाला किंवा बंडी मोडली तर तेही त्रयस्थाच्या मालमत्तेचे नुकसान ठरते; त्याची भरपाई याच न्यायाधिकरणाकडे मागता येते. हे शेतकऱ्याला कोणी सांगितलेलेच नसते. पोलिसांनी अपघाताचा अहवाल तीन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, तो गेला का याची चौकशी तालुक्याच्या ठिकाणी एका माणसाने दरमहा केली तरी पुष्कळ दावे जिवंत राहतील. आणि गाडी पंचनाम्यानंतर एक-दोन दिवसांत मालकाला परत मिळावी, ही मागणी मालकांच्या बरोबरीने मजुरांच्या संघटनांनीही लावून धरावी. गाडी लवकर सुटू लागली तर तडजोडीचा निम्मा मोह तेथेच संपेल.

घाई का, याचे उत्तर मुदतीत आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात भरपाईच्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत होती. ती गरिबांवर अन्याय करते हे ओळखून संसदेने १९९४ मध्ये ती काढून टाकली. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली, त्याच वर्षी ज्या वर्षी या रस्त्यावर तो विक्रम झाला. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असून, केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाला. आदेश अंतरिम आहे, त्यावर विसंबून राहता येणार नाही. मेळघाटातील कोरकू मजूर सोयाबीनच्या सोंगणीसाठी दसऱ्याच्या सुमारास खाली उतरतो, कापसाची वेचणी आटोपतो आणि होळीला घरी परततो. जखमी जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणाकडेही अर्ज करता येतो, तेव्हा अकोला जिल्ह्यात झालेल्या अपघाताचा दावा त्याला अमरावती जिल्ह्यातच लावता येईल. मात्र अपघात ऑक्टोबरात झाला असेल, तर तो धारणी-चिखलदऱ्याकडे पोचेपर्यंत सहापैकी पाच महिने सरलेले असतात.