आगाऊ भरण्याची वीज
दीपनगरच्या औष्णिक केंद्राची धुराडी ज्यांना अंगणातून दिसतात ती भुसावळकडची, किंवा धुळ्यात यंत्रमागांवर मजुरी करणारी कुटुंबे यांना आगाऊ पैसे भरून वीज घेण्याची पद्धत सर्वस्वी जाचक वाटेलच असे नाही. कारण २००३ च्या विद्युत कायद्याच्या ४७ व्या कलमान्वये अशा ग्राहकाकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही, आणि थकबाकीही साचत नाही. परंतु त्याच कायद्याचे ५६ वे कलम थकबाकीदाराची वीज तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस देण्यास फर्मावते, आणि गरिबाच्या संसारात ही मुदत, माझ्या मते, ठेवीच्या सवलतीहून कितीतरी मोलाची आहे. शिल्लक सरताच काळोख करणाऱ्या यंत्रापाशी ती कोठून असणार? जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांवर अशा आगाऊ भरण्याच्या मीटरची सक्ती न करण्याचे शासनाने जाहीर केले, ते उचितच झाले. तथापि दारी नवा मीटर येईल तेव्हा देयक आगाऊ की मागाहून, हे खानदेशातील वाचकांनी महावितरणकडून लेखी मागून घ्यावे.