पहाऱ्यात लिहिलेलं पत्र



या अंकात खरं तर मी सुटीतल्या वाचनाविषयी लिहिणार होते. गेल्या वेळी तसं कबूलही केलं होतं. पण मध्येच एक पत्र आलं आणि तो विषय बाजूला ठेवावा लागला. रागावू नका, पुस्तकांची यादी पुढच्या अंकात नक्की देईन.

पत्र नववीतल्या एका मुलीचं आहे. 'नाव-गाव छापू नका' असं तिनं वरच ठळक अक्षरांत लिहिलंय, म्हणून छापत नाही. तिचे बाबा दीड महिन्यापासून दवाखान्यात आहेत. आई त्यांच्याजवळ. घरी ही, धाकटा भाऊ आणि आजी. ती लिहिते, 'बाई, मी रोज प्रार्थना करते, पण भीती जात नाही. रात्री फोन वाजला की पोटात गोळा येतो. आमच्या मंडळीतल्या एक मावशी म्हणाल्या, तुझा विश्वास कमी पडतोय. खरंच का हो? आणि दुसरं म्हणजे, लोक घरी तांदूळ, पैसे आणून देतात. मला फार लाज वाटते. येशूवर भरवसा ठेवणाऱ्यांनी असं घ्यावं का?'

पत्र वाचून मी बराच वेळ गप्प बसले. वर्गात गणिताला उत्तर असतं, इथं तसं थोडंच आहे? मग मला दुसरं एक पत्र आठवलं. ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे, पण त्यात या दोन्ही प्रश्नांना हात घातलेला आहे. बायबलच्या नव्या करारातलं, फिलिप्पैकरांस पौलाचं पत्र. चारच अध्याय, १०४ वचनं. मधली सुटी संपायच्या आत वाचून होतं.

आधी ते गाव कसं होतं ते सांगते. फिलिप्पै म्हणजे मासेदोनियातलं एक शहर. शिकंदर बादशहाचे वडील दुसरा फिलिप, त्यांच्यावरून हे नाव पडलं. इसवी सनापूर्वी ४२ साली तिथल्या मैदानावर रोमन सेनापतींची मोठी लढाई झाली आणि नंतर निवृत्त सैनिकांना तिथंच जमिनी देऊन वसवलं. थोडक्यात, फौजेतल्या लोकांचं गाव. आपल्याकडेही काही गावांत घरटी एकजण सैन्यात असतो ना, तसंच काहीसं. आज ग्रीस देशात त्या शहराचे अवशेष आहेत. २०१६ साली युनेस्कोनं त्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

पौल त्या गावी पहिल्यांदा गेला तेव्हा काय झालं, ते 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात आहे. नदीकाठी काही बायका प्रार्थनेला जमल्या होत्या. त्यांतली एक लुदिया, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी. तिनं त्याला घरी उतरवून घेतलं. पण थोड्याच दिवसांत पौलाला आणि त्याचा सोबती सीला याला फटके मारून तुरुंगात टाकलं, पाय लाकडी खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते दोघे गाणी म्हणत होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते! तेव्हा फिलिप्पैच्या लोकांनी पौलाला बेड्यांत पाहिलेलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

पुढे काही वर्षांनी पौल पुन्हा कैदेत. पत्र तिथूनच लिहिलेलं आहे. परंपरेनं ही कैद रोममधली, साधारण इसवी सन ६० ते ६२ ची समजतात. काही अभ्यासक दुसऱ्या शहरांची नावं घेतात, पण कैद होती याबद्दल वाद नाही. रोममध्ये त्याला एका घरात ठेवलं होतं, हाताला साखळी आणि शेजारी पहाऱ्यावर शिपाई. खटल्याचा निकाल काय लागेल ठाऊक नाही. सुटका होईल किंवा मरणही येईल. पहिल्याच अध्यायात तो हे सरळ लिहितो. लपवाछपवी नाही.

आता त्या काळचा कैदी म्हणजे काय, तर त्याच्या खाण्यापिण्याची काळजी बहुतेक वेळा त्याच्या माणसांनीच घ्यायची. कुणी नसेल तर हाल. फिलिप्पैच्या मंडळीनं पौलासाठी मदत गोळा केली आणि एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती पाठवली. फिलिप्पैपासून रोम हजार किलोमीटरहून जास्त. वाटेत समुद्रही. एस.टी. नाही, आगगाडी नाही. एपफ्रदीत पोचला खरा, पण इतका आजारी पडला की मरणाच्या दारात गेला. ही बातमी गावी कळली, गावचे लोक काळजीत पडले, आणि ते काळजीत आहेत हे कळून हा पुन्हा कासावीस! कशी साखळी बघा.

मला हा एपफ्रदीत फार जवळचा वाटतो. त्याचं कारण सांगते.

२०२१ सालच्या एप्रिल महिन्यात माझे वडील करोनाच्या वॉर्डात होते. भेटायला परवानगी नाही. मी रोज दाराशी डबा द्यायचे आणि एक वॉर्डबॉय तो आत घेऊन जायचा. पायापासून डोक्यापर्यंत झाकलेला. त्याचा चेहरा मी कधी पाहिलाच नाही. डब्याच्या वरच्या पुडात मी चिठ्ठी ठेवायची. रिकामा डबा परत यायचा तेव्हा त्यात अण्णांची चिठ्ठी. मोठी वचनं वगैरे काही नसायची हं! 'भाकरी मऊ होती. बाजूच्या खाटेवरच्या गुरुजींना अर्धी दिली. शेळीला कोण पाहतं? रात्री झोप लागत नाही.' एवढंच. एकदा मात्र खाली लिहिलं होतं, 'फिलिप्पै ४, एकदा वाच. मीपण वाचतो.'

मी वाचलं. सहाव्या वचनात पौल म्हणतो की कशाचीही चिंता करत बसू नका, जे हवं ते आभार मानून देवाला सांगा. खरं सांगू? मला राग आला. म्हटलं, याला सांगायला काय जातंय!

मग मी मागे गेले आणि पहिल्यापासून वाचू लागले. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी थबकले. तिथं पौल एपफ्रदीताच्या आजाराबद्दल लिहितो, की देवानं त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, नाहीतर माझ्या दुःखावर आणखी दुःख कोसळलं असतं. त्याला मी गावी परत पाठवतो आहे, म्हणजे तुम्हाला आनंद होईल आणि माझंही दुःख जरा हलकं होईल.

वाचलंत? चिंता करू नका म्हणणारा हाच माणूस. त्यालाही काळजी होती, दुःख होतं आणि त्यानं ते पत्रात लिहून टाकलं. सगळ्या मंडळीसमोर मोठ्यानं वाचल्या जाणाऱ्या पत्रात! त्याचा विश्वास कमी होता असं कुणी म्हणेल काय?

म्हणून नववीतल्या माझ्या मैत्रिणी, त्या मावशींचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. त्या वाईट नसतील. मोठ्या माणसांना कधीकधी काय बोलावं ते सुचत नाही आणि मग ती असं काहीतरी बोलून जातात. रात्री फोन वाजल्यावर पोटात गोळा येणं म्हणजे अविश्वास नव्हे. बाबांवर तुझी माया आहे, म्हणून तो येतो.

पण मग येशूच्या ठायी सुरक्षित असणं म्हणजे काय? भीती राहतेच, तर उपयोग काय?

त्याच चौथ्या अध्यायाचं सातवं वचन पाहा. देवाची शांती तुमची मनं आणि विचार ख्रिस्त येशूमध्ये राखील, असं पौलाचं म्हणणं आहे. मूळ ग्रीक भाषेत इथं जो शब्द आहे तो सैन्याचा आहे. वेशीवर सशस्त्र पहारा बसवणं, असा त्याचा अर्थ. जुन्या फौजी लोकांच्या गावाला त्याचा अर्थ समजावून द्यायची गरजच नव्हती. आणि लिहिणारा स्वतः पहाऱ्यात! शेजारी शिपाई बसलाय, साखळी वाजते आहे आणि हा लिहितो की माझ्यावर दुसराच एक पहारा आहे.

पहारा कुठं बसवतात? जिथं धोका असतो तिथंच ना? म्हणजे पहारा आहे याचा अर्थ बाहेर शत्रू नाही, असा होत नाही.

माझ्या लहानपणी आम्हाला विहिरीत पोहायला शिकवायचे. पाठीला वाळके भोपळे बांधायचे, कमरेला कासरा, आणि कासऱ्याचं दुसरं टोक काठावर अण्णांच्या हातात. मी पाण्यात पडले की किंचाळायची, 'बुडाले, बुडाले!' नाकातोंडात पाणी, हातपाय वेडेवाकडे. कासरा पाठीमागे, मला दिसायचासुद्धा नाही. मी तो धरलेलाच नसायचा. धरलेला असायचा अण्णांनी. तिसऱ्या अध्यायात पौलही असंच काहीसं म्हणतो. मी अजून मुक्कामाला पोचलेलो नाही, धावतो आहे, पण त्याआधी ख्रिस्तानं मला धरलेलं आहे. आणि हा ख्रिस्त कोण, ते त्यानं दुसऱ्या अध्यायात सांगितलंय. वर सुखात राहू शकत असताना जो खाली उतरला, दासासारखा झाला, वधस्तंभावरचं मरणही ज्यानं सोसलं तो. त्या काळी वधस्तंभ ही गुलामांना द्यायची शिक्षा होती. दुःखाच्या विहिरीचा तळ ज्यानं स्वतः पाहिलाय, त्याच्या हातात कासरा आहे.

आता एक अवघड गोष्ट. ती लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला. माझे अण्णा एकोणीस दिवसांनी घरी आले. बाजूच्या खाटेवरचे गुरुजी आले नाहीत. त्यांनाही मुलगी होती, माझ्याच वयाची. तीही प्रार्थना करत होती. माझ्यापेक्षा जास्त करत असेल. तेव्हा 'प्रार्थना कर, बाबा नक्की बरे होतील' असं मी तुला लिहू शकत नाही. पौलानंही तसं लिहिलं नाही. जगलो तरी ख्रिस्त, मेलो तरी तोच, दोन्हीकडे मी त्याच्याच जवळ, एवढंच तो म्हणाला. खटल्याचा निकाल त्या पत्रात नाही. पुढे नीरो बादशहाच्या काळात रोममध्येच त्याला मारलं, अशी जुनी परंपरा आहे. बाबा बरे व्हावेत, अशी प्रार्थना मात्र मी रोज करते आहे. तूही कर. हट्टानं कर.

हे पत्र मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंची आठवण इथं होते. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. पुढे भाऊ गेला, नवरा गेला. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही केडगावला त्यांचं मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलच्या भाषांतराचं काम चालूच होतं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, आणि १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झालं. त्यांनी हे पत्र काय मनानं मराठीत लिहिलं असेल!

राहिला दुसरा प्रश्न. तांदूळ आणि पैसे. अगं, हे अख्खं पत्रच मुळी मदत मिळाल्याच्या पोचपावतीचं आहे! चौथ्या अध्यायाच्या शेवटी पौल लिहितो, तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात, हे फार छान केलंत. तो मान खाली घालत नाही आणि आणखी मागतही नाही. भरल्या पोटानं कसं राहायचं आणि उपाशी कसं राहायचं, हे दोन्ही मी शिकलोय, असं म्हणतो. 'शिकलोय' म्हणतो बरं का! म्हणजे त्यालाही ते आधी येत नव्हतं. आम्हा शिक्षकांना हा शब्द फार आवडतो. शिकायला वेळ लागतो, चुका होतात, पाटी पुन्हा पुसावी लागते.

जाता जाता एक तक्रार. याच ठिकाणचं तेरावं वचन पुष्कळ मुलं कंपासपेटीवर लिहून परीक्षेला जातात. ख्रिस्ताच्या बळावर मी सगळं करू शकतो, या अर्थाचं. लिहा, माझी हरकत नाही. पण अभ्यास न करता पेपर सोपा जाईल, असा त्याचा अर्थ नाही! आधीचं वचन वाचा. तिथं भुकेची गोष्ट चालली आहे.

तेव्हा तांदूळ घे. आणणाऱ्याला पाणी दे, नाव एका वहीत लिहून ठेव. पौलानं एपफ्रदीताचं लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे. माझ्या त्या वॉर्डबॉयचं नाव मी विचारलं नाही, याची मला अजून चुटपुट लागते. आणि वर्गशिक्षिकेला घरची परिस्थिती सांग. गृहपाठ राहिला तर त्या समजून घेतील. एकटीनं सगळं ओढू नकोस. पौलानंसुद्धा तीमथ्याला जवळ ठेवलं होतं.

आईला जेव्हा डबा पाठवशील तेव्हा त्यात बाबांसाठी चिठ्ठी ठेव. मोठं काही लिहायला नको. भावाला गणितात किती गुण पडले, आजीनं काय केलं, दारातल्या झाडाला फूल आलं का, असलंच लिही. त्यांच्याकडून उलट चिठ्ठी आली तर जपून ठेव. अण्णांच्या सगळ्या चिठ्ठ्या मी एका बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या आहेत.

आणि बाबांचं कसं काय ते मला कळव. पोस्टकार्ड चालेल. या वेळी खाली नाव लिहिलंस तरी मी छापणार नाही.

तुमची,
बाई