अस्वलासाठी किती बोअरची?

संसारी माणसाला पडणारे बहुतेक प्रश्न या सदराने आजवर पाहिले आहेत. मुलीच्या स्थळापासून विम्याच्या हप्त्यापर्यंत आणि गळक्या गच्चीपासून सासूबाईंच्या मोतीबिंदूपर्यंत काहीही सुटलेले नाही. पण "अस्वलासाठी रायफल घ्यावी म्हणतो, तर कोणत्या बोअरची घेऊ?" असा प्रश्न मात्र यंदा प्रथमच आला, आणि तो कोणा हौशी वाचकाकडून नव्हे, तर माझ्या मावसभावाकडून.

आमचे हे दादा जालना जिल्ह्यात, जाफराबाद तालुक्यात शेती करतात. जालना म्हटले की आपल्याला मोसंबी, लोखंडाच्या सळ्या आणि बियाण्यांच्या कंपन्या आठवतात. अस्वल काही आठवत नाही. पण नकाशा उघडून पाहा. भोकरदन आणि जाफराबाद हे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे तालुके, आणि त्यांना लागून बुलढाणा जिल्हा. तिथे अजिंठ्याच्या डोंगररांगेत सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य आहे आणि ते अस्वलांसाठीच नावाजलेले आहे. आता जिल्ह्याची हद्द कलेक्टरला ठाऊक, अस्वलाला कुठली ठाऊक असणार?

झाले होते असे. दादांचा सालगडी सीताफळे वेचायला तांबडे फुटायच्या आत डोंगराच्या बाजूला गेला. झुडपाआड अस्वल तेच करत होते. दोघांनी एकमेकांना पाहिले तेव्हा मध्ये चार हातांचेही अंतर नव्हते. माणूस वाचला, पण उजवा डोळा गेला आणि गालावर टाके पडले. दादांचा थोरला मुलगा रोज रात्री मक्याच्या जागलीला जातो. तेव्हा दादांनी मला लिहिले, "तुझा जन्म काडतुसात गेला. लवकर कळव. शिवाय रानडुकरांनी वीट आणलाय, तेही काम होऊन जाईल."

माझा जन्म काडतुसात गेला हे खरे आहे. तीस वर्षे मी एका काडतुसांच्या कारखान्यात तपासनीस होतो. बंदूक खांद्याला लावण्यापेक्षा तिच्या पोटात काय जाते हे पाहण्यातच माझी नोकरी गेली. तेव्हा आधी दादांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देतो. ज्याला रायफलीतले काही कळत नाही अशा गृहिणीलाही ते कळावे अशी माझी खटपट आहे.

बोअर म्हणजे नळीच्या पोटाची रुंदी. रायफलीच्या बाबतीत ती इंचाच्या अंशात सांगतात. ‘.३१५’ म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले तीनशे पंधरा, म्हणजेच आपले आठ मिलिमीटर. छर्ऱ्यांच्या बंदुकीचा हिशेब याच्या अगदी उलटा आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्या नळीत नेमकी बसते ती बारा बोअर. म्हणून सोळा बोअर ही बारापेक्षा लहान! आकडा मोठा तितकी बंदूक मोठी असे समजून दुकानात जाणारा गिऱ्हाईक इथेच फसतो.

जालना जिल्ह्याला या मापांची ओळख जुनी आहे. याच जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीची आणि शिंदे-भोसल्यांची लढाई झाली. तेव्हा इंग्रजी पायदळाच्या खांद्यावर जी बंदूक असे तिचे तोंड पाऊण इंचाचे होते. नळी आतून गुळगुळीत, आणि शंभर पावलांपलीकडे नेम म्हणजे देवाची करणी! पुढे नळीत पीळ पाडायची युक्ती रुळली, गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाऊ लागली, आणि तोंड लहान होत गेले. आज तिसऱ्या हिश्शाच्या इंचाची गोळी त्या पाऊण इंचीपेक्षा कितीतरी दूर आणि कितीतरी अचूक जाते.

आपल्याकडे कोणते माप मिळावे हे मात्र जनावराने ठरवले नाही, सरकारच्या भीतीने ठरवले. फौजेची काडतुसे बंडखोरांच्या हाती लागू नयेत म्हणून इंग्रजांनी १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० च्या रायफलींवर बंदी घातली. विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी लगेच .४६५ आणि .४७० अशी शेजारची मापे काढून धंदा चालू ठेवला. फौजेचे .३०३ हेही सामान्य माणसाला वर्ज्य झाले आणि आजही ते निषिद्ध बोअरमध्येच मोडते. त्याच्या जागी नागरिकांसाठी .३१५ आले. आज आपल्या देशात परवानाधारकाच्या घरी रायफल असली तर बहुधा ती हीच असते.

तर अस्वलापुढे कोणते माप पुरे? .३१५ ची गोळी सुमारे सोळा ग्रॅमची. अस्वलाला ती पुरून उरते. .३०-०६ हे अमेरिकन फौजेने १९०६ साली घेतलेले माप. त्याची गोळी जरा हलकी पण वेगवान, तेही पुरे. .३७५ मॅग्नम १९१२ सालचे, एकोणीस ग्रॅमची गोळी. आफ्रिकेत रेड्याशी गाठ असेल तर घ्यावे, जाफराबादेत नको. आणि बारा बोअरमध्ये एकच जाड गोळी घातली, तर पंचवीस-तीस पावलांच्या आत तीही अस्वलाला बसवते. आपले अस्वल काही हत्ती नव्हे. नर भरला तर दीड क्विंटलच्या आतबाहेर, मादी त्याहून हलकी.

केनेथ अँडरसन या शिकाऱ्याने म्हैसूरकडचे एक अस्वल मारल्याची हकीकत १९५७ सालच्या पुस्तकात लिहिली आहे. त्या अस्वलाने बारा माणसे मारली होती आणि दोन डझनांना जखमी केले होते. अँडरसनची आवडती रायफल .४०५ विंचेस्टर होती. पण ती माणसे मेली ती काही गावात .४०५ नव्हती म्हणून नव्हे. जनावर माणसाच्या अंगावर आले तेव्हा कोणाला काही करायला वेळच मिळाला नाही, म्हणून मेली.

सगळे घोडे पेंड खाते ते इथेच. आपले अस्वल वाघासारखे दबा धरून माणसाची शिकार करीत नाही. ते वाळवी, मुंग्या, मध, बोरे, जांभळे आणि सीताफळे खाते. वरचे पुढचे दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून ते वारूळ असे ओढते की ते फुर्रफुर्र दुरून ऐकू येते. पण तोंड वारुळात असले म्हणजे त्याला माणसाची चाहूल लागत नाही. माणूस एकदम पुढ्यात उभा राहिला की ते घाबरते, आणि घाबरलेले अस्वल पळण्याऐवजी पुष्कळदा तोंडावरच झडप घालते. पाठीवर पिले घेतलेली मादी असेल तर विचारायलाच नको.

आता वेळेचा हिशेब करा. अस्वल माणसापेक्षा वेगाने धावते. वीस पावलांवरून निघाले तर दोन-तीन सेकंदांत अंगावर. तेवढ्यात रायफल खांद्यावरून काढायची, खटका सोडायचा आणि काळोखात काळ्या केसाळ गोळ्यावर नेम धरायचा. सालगड्याला तर चार हातसुद्धा मिळाले नव्हते. त्याच्या खांद्यावर .३७५ असती तरी ती खांद्यावरच राहिली असती.

हा माझा एकट्याचा तर्क नाही. अमेरिकेत अलास्कामध्ये अस्वले आपल्यापेक्षा कितीतरी मोठी असतात आणि बंदूक घरोघर. तिथल्या १८८३ ते २००९ पर्यंतच्या २६९ प्रसंगांचा अभ्यास टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो वगैरे मंडळींनी २०१२ साली प्रसिद्ध केला. ज्यांनी बंदूक वापरली आणि ज्यांनी जवळ असून वापरली नाही, त्यांच्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक त्यांना आढळला नाही. याच दोघांनी २००८ साली तिखटाच्या फवाऱ्याचाही हिशेब मांडला होता. त्याने दहातल्या नऊ वेळा अस्वल आवरले. तिथली जात निराळी, हे खरे. पण घाई आणि हाताची थरथर सगळीकडे सारखीच!

कायद्याचे म्हणाल तर शिकारीचा विषय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच संपवला. अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. जीव वाचवताना खरोखर नाइलाजाने मारले तर कलम ११ प्रमाणे तो गुन्हा होत नाही. पण ‘मी नाइलाजाने मारले’ एवढे म्हणून सुटका नाही, चौकशी व्हायचीच. मेलेले जनावर सरकारजमा. रानडुकरे पिकाची नासाडी करत असतील तर त्यांच्यासाठी वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. मनाला आले आणि बार टाकला असे चालत नाही. शस्त्र कायदाही शेतकऱ्याला पीकराखणीसाठी मुख्यतः ठासणीची बंदूक दाखवतो. रायफलीसाठी जिल्हाधिकाऱ्याला सबळ कारण पटवावे लागते.

एवढे सगळे मी दादांना लिहिले असते तर त्यांनी ते पत्र गाईला घातले असते. म्हणून मी स्वतःच गेलो. दादा ओसरीवर बसून म्हणाले, "तू बोअर विचारलं ते सांग. बाकी पुराण कामून सांगून राहिला?"

मी म्हणालो, ".३१५. पण दादा, त्याची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटर सहज जाते. तुमच्या मक्यापलीकडे कोणाचे वावर आहे?"

दादा गप्प झाले. पलीकडे त्यांच्या चुलत्याचे वावर. तिथेही मचाण, आणि मचाणावर चुलत्याचा नातू.

इतका वेळ दारात धान्य पाखडत असलेल्या वहिनी तेव्हा बोलल्या. "भाऊजी, मला तुमचं बोअरचं काही कळत नाही. पण थंडीत जागलीवर सगळेच काळी घोंगडी पांघरून असतात. काळोखात अस्वल कोणतं अन् घोंगडीतला माणूस कोणता, ते माझ्या पोरानं कसं वळखायचं? अस्वलानं डोळा नेला तर माणूस राहतो तरी. पोराच्या हातून माणूस गेला तर मग काय राहतं?"

तीस वर्षे काडतुसे तपासली, पण इतकी नेमकी तपासणी मी पाहिली नव्हती.

रायफलीचा अर्ज राहिला. त्याऐवजी जे झाले ते सांगतो, कारण डोंगराकाठी आपलेही कोणी ना कोणी असतेच. जागलीला एकट्याने जायचे नाही, दोघांनी जायचे. रात्रभर मोठा दिवा आणि रेडिओ चालू. वाटेने जाताना घुंगरू बांधलेली काठी आपटत, बोलत जायचे. अस्वलाला आधी कळले तर बहुधा ते आपणहून बाजूला होते. सीताफळे वेचायला उजाडल्याशिवाय जायचे नाही. बांधावरची झुडपे तोडून वाट मोकळी केली. मक्याला सौर झटका मशीन बसवले. तारेत घरची वीज सोडायची मात्र नाही; त्याने जनावराआधी माणूस मरतो आणि मालक तुरुंगात जातो. अस्वल दिसले तर न पळता, त्याच्याकडे लक्ष ठेवून मागे सरकायचे. अंगावर आलेच तर पालथे पडून दोन्ही हातांनी मान आणि डोके झाकायचे, कारण ते तोंडच धरते. आणि वनखात्याचा १९२६ हा क्रमांक दाराच्या मागे खडूने लिहून ठेवायचा. जखमीला भरपाई मिळते, पण त्यासाठी खात्याला वेळेवर कळवावे लागते. सालगड्याच्या भरपाईचे कागद मी गेलो त्याच आठवड्यात दादांनी पुरे केले.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कोणाला कधी हा प्रश्न पडलाच तर उत्तर .३१५ हेच आहे. ते चूक नाही. फक्त त्याच्या आधी विचारायचे प्रश्न जास्त आहेत, आणि ते विचारून झाले की हे उत्तर बहुधा लागतच नाही.

आणखी एक विनंती, दिवाळीच्या बाजाराला निघालेल्यांना. हातगाडीवरच्या सीताफळांतली कितीतरी अशाच डोंगरांतून येतात. बाजाराची गाडी गाठायची म्हणून ती अंधारातच वेचली जातात. डझनामागे दहा रुपये पाडून घेताना एवढे ध्यानात असू द्यावे. वेचणाऱ्याला तासभर उशिरा, उजाडल्यावर निघणे परवडले, तर त्याला कोणत्याच बोअरची गरज पडणार नाही.