मशेरीची डबी आणि महिन्याचे दिवस

मैत्रिणींनो, या आठवड्याचं पत्र खेडहून आलं आहे. लिहिणाऱ्या बाईंनी मशेरी तीनदा सोडली, आणि तिन्ही वेळा पाळीच्या आधीच्या आठवड्यात डबी परत हातात आली. ‘आई लावायची, आजी लावायची, रक्तातच असेल. हे म्हणतात, तुझं मनच कच्चं.’ धाकट्या जावेला सातवा महिना आहे, तीही लावते, हे शेवटी एका ओळीत.

मनाला बोल लावण्याआधी उंदरांची गोष्ट ऐका. हसू नका! प्रयोगशाळेत उंदरांनी कळ दाबली की नळीतून कोकेन रक्तात जातं. माद्यांना ही चटक नरांपेक्षा लवकर लागते. त्यांचं ऋतुचक्र चार-पाच दिवसांचं. माजाच्या वेळी त्या कोकेन जास्त घेतात. अंडाशय काढलं की ओढ कमी होते, इस्ट्रोजेन दिलं की पुन्हा वाढते, प्रोजेस्टेरॉननं उतरते. शिवाय लुईस नावाच्या वाणाचे उंदीर अशा सवयींना पटकन लागतात, फिशर वाणाचे तितके नाहीत.

आता बाई म्हणजे काही उंदीर नव्हे, आणि तिचा महिना चार दिवसांत बसत नाही. पण तंबाखूतलं निकोटीन यकृतात किती वेगानं मोडतं, हे बरंचसं आईवडिलांकडून येतं. बायकांत ते पुरुषांपेक्षा लवकर मोडतं, पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू असल्या तर आणखी लवकर, आणि गरोदरपणी तर फारच. लवकर मोडलं की तलफही लवकर. आजीकडून हे आलं असेलही. पण मागील दारी दगडावर बसून बोट फिरवायची घटकाही तिच्याकडूनच आली ना? सासुरवाशिणीला दिवसात तेवढीच स्वतःची!

तेव्हा कॅलेंडरवर पाळीची तारीख लिहा आणि पाळी संपली की सोडायला लागा. सोडल्यावर पहिले काही दिवस फार चिडचिड होते; ती आणि पाळीआधीची चिडचिड एकत्र नको. ती घटका मात्र सोडू नका, चहाचा कप घेऊन तिथंच बसा.

जावेला तारीख बघत बसायला सांगू नका. ‘थुंकून तर टाकते,’ म्हणेल. पण निकोटीन हिरड्यांतूनच रक्तात जातं. मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली, आणि दिवस भरण्याआधीची बाळंतपणंही जास्त. तिनं डॉक्टरीणबाईंना मोकळेपणी सांगावं. १८००-११-२३५६ या सरकारी फोनवर फुकट सल्ला मिळतो.

आणि हो, मशेरीशिवाय पोट साफ होत नाही, हे दोघीही म्हणाल. खोटं नाही ते. निकोटीननं आतडी हलतात. थोडे दिवस सकाळी कोमट पाणी प्या, जेवणात पालेभाजी वाढवा. डबी मात्र फळीवर ठेवू नका, टाकूनच द्या.